वैनी, सानं उघडंच ठेवजो

वैनी, मी निघाली तवा तू दारात उभी होती, हातात भाकरीचं गठुडं घेऊन, आन आई गाडीच्या चाकापाशी माह्या दिनूच्या टोपड्याच्या नाड्या तिसऱ्यांदा बांधत होती. सव्वा महिन्याचं लेकरू, मार्गशीर्षातलं हिव, आन दुसरबिडाहून नांदुऱ्याले जायाचं. दादानं गाडीत कडबा आंथरला, त्यावर गोधडी, त्यावर मी, आन माह्या पायापाशी ती मातीची शेगडी फडक्यात बांधून. आई रडली नाही. आई म्हने, "वारं शिरलं का आजार शिरला. काही बी होऊ दे, लेकराले वारं लागू देऊ नको." बैल चालले तरी ती चार पावलं गाडीसंगं आली आन तेच म्हनत राह्यली. मी हाव हाव केलं.

हे पत्र मी त्याच गोष्टीसाठी लिहून राह्यली. दादा वाचून दाखवील. माहं शिकनं चौथीपर्यंत, त्यात चौथी बी अर्धीच, तं चुकलं तिथं समजून घेजा. पन पुरं वाचा, अर्ध्यात सोडू नका. तुहा महिना थंडीतच भरतो, आन हे तुहं दुसरं, म्हून बाळंतपन आपल्याच घरी, जिथं माहा दिनू झाला त्याच मधल्या खोलीत. हे ऐकल्यापासून मले घास गोड लागत नाही.

घाट उतरला तशी हवाच बदलली. वरती आपल्याकडे हिव हाडात शिरते, पन ऊन चढलं का निघून जाते. घाटाखालचा गारठा ओल्या फडक्यावानी अंगाले चिकटून बसते. चिखलीपर्यंत गाडी, मंग मोटर. मोटरीतल्या बाया माहं बोलनं ऐकून एकमेकींकडे पाहून हसल्या, घाटावरची दिसते म्हने. मी दिनूले पदराखाली घेतलं आन नांदुरा येईस्तोवर तोंड उघडलं नाही.

ह्यांची खोली जिनाच्या लायनीत. जिन म्हंजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, हे तिथं फिटर. विटांच्या भिंती, वर पत्रा. मी आत पाऊल टाकलं आन वर पाह्यलं. सानं नाही. जन्मापासून आपन धाब्याच्या घरात राह्यलो, मातीचं सपाट छत, मधोमध ते भोक, त्यावर फुटक्या माठाचा गळा बसवलेला, त्यातून सकाळी ऊन खाली येते आन चुलीचा धूर वर जाते. त्या सान्याकडे कधी कोनी ध्यान दिलं का? ते होतंच. आपन दार लावत होतो, फटी बुजवत होतो, आन आपल्याले वाटे का सारं बंद झालं. वर एक वाट उघडीच आहे, हे कधी मनात बी आलं नाही. माह्या तरी नाही.

ह्यांनी मी यायच्या आधीच भिंतीले दोन भोकं पाडली होती. एक खाली, जमिनीपासून हातभर वर, त्याले हे झरोका म्हनत. दुसरं वर, पत्र्याच्या जवळ, आन त्यातून पत्र्याचं नळकांडं बाहेर काढून उभं केलेलं. जिनात टाकून दिलेला पत्रा विचारून आनला होता. किती विचार केला होता मानसानं. चौकोनी करावं का गोल, तं गोलच, कारन कोपऱ्यात काजळी बसते. वळवायचं तिथं एकदम मोडायचं नाही, हळूहळू वळवायचं, नाही तं हवा अडते. तोंड वाऱ्याकडे नको, नाही तं धूर उलटा घरात. वर टोपी, पाऊस येऊ नये म्हून, आन तोंडाले बारीक तारेची जाळी, चिमन्या घर करतात म्हून. मले बोटानं दाखवून सांगतलं का गार हवा खालून येते, गरम होऊन वरून जाते, दोन्ही वाटा उघड्या पायजेत, एक बुजली का दुसरीचं बी काम थांबलं. आन दर बाजाराच्या दिवशी काठीले फडकं बांधून नळकांडं आतून पुसायचं, जाळी बाहेरून झाडायची, कारन जिन चालू असलं का साऱ्या गावात रुई उडते. मी मान हलवत होती आन माहं ध्यान दिनूच्या टोपड्यात.

शेजारीन गंगाबाई, तिचा नवरा बी जिनातच. ती पहिल्याच दिवशी भिंत पाहून म्हने, "काऊन व माय, चोरासाठी दोन वाटा ठुल्या का? एकीनं आत या, एकीनं बाहीर जा." साऱ्या लायनीत हसू. मले त्या भिंतीची लाज वाटली.

पौष लागला. झरोक्यातून येनारी हवा नेमकी बाजेखाली. दिनू शिंकला का मले आईचा आवाज ऐकू ये. हे कामावर गेले का मी जुन्या लुगड्याचा बोळा करून झरोक्यात कोंबू, आन हे यायच्या आधी काढून घेऊ. चोरून, वैनी. ह्यांचं ऐकायचं नव्हतं असं नाही, पन ह्यांनी काय लेकरं वाढवली? आईनं पाच वाढवली. आन वरचं नळकांडं उघडं आहेच, असं मी धरून चालली. बाजाराचा एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, काठी मी हातात घेतली नाही. ओल्या बाळंतिनीनं हात वर करून काम करू नये म्हनतात नं. ह्यांनी इचारलं तं मी पुसलं म्हून सांगतलं.

त्या दिवशी सकाळी दिनूले तेल लावलं, न्हाऊ घातलं, शेगडीत निखारे भरले, ओवा टाकून धुरी दिली. दार लोटलं, दाराच्या फटीले पोतं लावलं. ओव्याचा धूर विरला, मंग खोलीत धुराची एक रेघ नाही, नुसते लाल निखारे. शेगडी बाजेखाली सरकवली आन त्याले कुशीत घेऊन पडली. ऊब अशी का मी आपल्या मधल्या खोलीतच आहे. त्याचे गाल लाल लाल झाले. मी म्हटलं, पाहा, शेकानं कसा रंग चढला. डोकं जड झालं, वाटलं जागरन झालं असन. पाजायले घेतलं तं तो तोंड उघडेना. उठायले गेली तं पाय माहे नाहीत. आन मले भेव वाटलं नाही. आता ते आठवलं का अंगावर काटा येते. लेकरू पीत नव्हतं, माहे पाय हलत नव्हते, आन मले नुसती गोड झोप येत होती.

गंगाबाईची चूल विझली होती. ती खापर घेऊन इस्तव मागायले आली. दोन हाका मारल्या. त्या मी ऐकल्या, पन ओ द्यायले जीभ उचलेना. तिनं दाराले लाथ मारली, पोतं सरकलं. ती आत आली, शेगडी पाह्यली, भिंतीतला बोळा पाह्यला, आन दिनूले बाजेवरून उचलून बाहेर पळाली. टोपडं नाही, दुपटं नाही. त्या गारठ्यात आंगनाच्या मधोमध त्याले दोन्ही हातांवर उघडा धरून उभी राह्यली, वाऱ्याकडे तोंड करून.

मी रांगत उंबऱ्यापर्यंत गेली. माह्या लेकराचा जीव चालला होता, आन मी काय म्हटलं ठाव आहे? मी म्हटलं, "झाका त्याले, वारं लागन."

तिनं मागं पाह्यलं बी नाही. म्हने, "चूप बस व. वाराच पायजे त्याले."

तो निळा नव्हता, पांढरा नव्हता, गुलाबीच होता, आन हात-पाय असे लोंबत होते जसे त्याचे नाहीतच. गंगाबाईनं तळपायाले चिमटा काढला. काही नाही. परत काढला. एक उचकी आली. मंग रडला. बारीक, मांजराच्या पिलावानी, पन रडला. मी उंबऱ्यावर ओकली आन तिथंच पडून राह्यली.

हे जिनातून पळत आले. शिडी लावून वर चढले. जाळीवर रुईचा थर बसला होता, बोटभर जाड, वरून पांढरा, आतून काजळीनं काळा. तो त्यांनी पोळीवानी सोलून खाली टाकला. मंग आत येऊन झरोक्यातला बोळा ओढला आन माहं लुगडं ओळखलं. मी मार खायले तयार होती. ते खाली बसले. म्हने, "धूर दिसते म्हून आपन त्याले भेतो. निखाऱ्याचं जहर दिसत नाही. जिनात आमाले हेच सांगतात, आन मी घरात नीट सांगतलं नाही." चूक माही, खोटं माहं, आन तो मानूस आपल्यावर घेत होता. ते मले मारापेक्षा जास्त लागलं.

तवापासून बाजाराचा दिवस मी चुकवत नाही. आधी काठी, मंग जाळी, मंग चूल. जिन जोरात असलं का हप्त्यातून दोनदा. नळकांड्याखाली पेटती वात धरून पाहते, ज्योत वर ओढली गेली तं वाट मोकळी, जागेवर उभी राह्यली तं काही तरी अडलं. उन्हाळ्यात त्याच झरोक्यावर बाहेरून ओलं पोतं टांगलं, आन घाटाखालच्या त्या आगीत माही खोली लायनीत सगळ्यात गार. चोरासाठी वाट ठुली म्हननारी गंगाबाई दुपारी लेकरं घेऊन माह्याकडेच पडायले ये, आन ह्यांना म्हने, भाऊ, आमच्या भिंतीले बी चोर पाहिजेत.

पन मले सांगायचं ते हे नाही. ते आईचं आहे.

संक्रांतीले आई आली. हे झाल्याले पंधरा दिवस झाले होते, मी तिले काही कळवलं नव्हतं. दुपारची गोष्ट. मी पानी घेऊन आली तं दिनू बाजेवर, बाजूले शेगडी, आन आई वाकून झरोक्यात फडकं कोंबून राह्यली. माह्या हातातून घागर सुटली. मी ते फडकं ओढून फेकलं आन आईले म्हटलं, "माह्या लेकराले मारतं का तू?"

आपल्या आईले, वैनी. जिच्यासमोर दादा बी आवाज चढवत नाही.

ती तशीच भिंतीले टेकून उभी राह्यली. मंग मी सारं सांगतलं, एका दमात, शेगडी, बोळा, रुई, गंगाबाई. मले वाटलं ती म्हनन, आमच्या काळात असं काही नव्हतं. तिनं एकच इचारलं. "गाल लाल होते?" मी हाव म्हटलं. तिनं परत इचारलं, "लालच होते नं?"

मंग ती खाली बसली. तुले ठाव नसन, मले बी नव्हतं, दादाच्या आधी आईले एक पोरगं झालं होतं. अकराव्या दिवशी गेलं, बारसं बी झालं नाही. माघात गारा पडून राह्यल्या होत्या, गारठा लय, तं आईनं बाबाले सान्यावर ती पावसात झाकायची शिळा सरकवायले लावली. खोलीत दोन शेगड्या. लेकराले निजवून ती पडवीत न्हायले गेली. परत आली तं पोरगं गोजिरं, लाल गालाचं, झोपल्यावानी. साऱ्या बाया म्हनल्या, नजर लागली. आन आदल्याच दिवशी आपल्या भिंतीले भिंत लागून राहनारी काशीकाकू पाहून गेली होती. नुकतीच इधवा झालेली, लेकरू ना बाळ. ती म्हनली होती, किती गोरं पोर आहे.

आता कळलं का तुले, काशीकाकूच्या हातचं आपल्या घरी कोनी काऊन खात नाही? आमाले लहानपनी सांगत, तिच्या दारापुढून पळत जा, तिच्याकडे पाहू नका. आमी पळत होतो. ती ओट्यावर एकटी बसून आमाले पाहे. आमचं पाहून लायनीतली, म्हंजे गल्लीतली, सारी लेकरं पळत. तीस वर्षं.

आई म्हने, "शिळा म्या सरकवायले लावली. आन नाव त्या बाईवर घातलं." एवढं बोलून तिनं दिनूले मांडीवर घेतलं आन त्याच्या तोंडावरचं दुपटं बाजूले केलं. जाईस्तोवर ती त्या झरोक्यापाशीच बसे. मले वाटलं होतं मी खरी ठरली तं बरं वाटन. नाही वाटलं. मी आपल्या आईले काय देऊन पाठवलं, हे पाहून मलेच भेव वाटलं.

तिनं हे कोनाले सांगू नको म्हटलं नाही, सांग बी म्हटलं नाही. पन मागच्या महिन्यात दादाचं पत्र आलं. खुशालीच्या खाली दोन ओळी. आई काशीकाकूच्या दारात जाऊन बसली, बराच वेळ. काय बोलली ते कोनी ऐकलं नाही. काकूनं तांब्याभर पानी आनून दिलं, आन आई ते पिली. दादानं लिहिलं, आईले वय झालं, कुठं बी जाऊन बसते. दादाले काय ठाव. त्याले आता हे वाचताना कळन. दादा, थांबू नको, पुढं वाच.

वैनी, मी इथं आली तवा घर म्हटलं का मले आपली मधली खोली दिसे, दार लावलेली, ऊबदार, आई आत. आता घर म्हटलं का शेजारचा तो ओटा दिसते, जिथं आमी कधी थांबलो नाही. तुले कळा सुरू झाल्या का पयले सान्यावरची शिळा खाली उतरवून घेजो. हिव असो, गारा असो, वर चाळनीवानं काही झाका पन शिळा नको. शेगडी खोलीत नको, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक घेजो. आन आईसंगं खोलीत काशीकाकूले बलावजो. आई बलावनार नाही, तिले तोंड नाही, म्हून तू बलाव. येन का नाही मले सांगता येत नाही. न आली तं परत बलाव.

मी दिवाळीनंतर दिनूले घेऊन येते. दादाले सांग, गाडी आपल्या दारात नको, काकूच्या ओट्यापाशी थांबव. मी टोपडं काढून त्याले तिच्या मांडीवर देईन. किती गोरा आहे, असं म्हनू दे तिले.