एकटा मडगार्ड घेऊन तंजावरला

दोन वर्षांपूर्वी सांगलीत मी एक मोडकी फियाट विकत घेतली आणि त्या दिवसापासून घरच्यांनी मला शहाण्यांतून वजा केलं. पुढे आमच्या वेल्डरने डाव्या मडगार्डचं भोक बुजवताना पत्रा इतका तापवला की तो फुगला. अंगठ्याने दाबला की टक् करून आत, सोडला की टक् करून बाहेर. मागची कड दाराला अडायला लागली, ते वेगळंच. "पुट्टी भरा आणि विकून टाका," हा सल्ला सगळ्यांनी फुकट दिला. या मॉडेलचा दुसरा मडगार्ड मिळत नाही. हा गेला की गाडी गेली. तंजावरचा एक टिंकर, म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकणारा कारागीर, फुगलेला पत्रा आटवून देतो, असं जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर वाचलं आणि तिकीट काढलं.

मिरजेहून बंगळूर, तिथे गाडी बदलून तंजावर. मडगार्ड गोधडीत गुंडाळून वरच्या बर्थवर, मी खाली. टीसीने विचारलं, "यात काय?" म्हटलं, "मडगार्ड." त्याने पुढच्या बर्थचं तिकीट मागितलं. स्टेशनवर रिक्षावाल्याने दीडशे सांगितले, गोधडी बघून दोनशे केले. तुम्ही जाणार असाल तर राजवाड्याजवळच्या गल्लीत लॉज घ्या. सकाळचं गरम पोंगल आणि कॉफी चार पावलांवर मिळते.

त्या टिंकरची, सेतुरावांची, शेड पापनाशमच्या रस्त्यावर, भाताच्या शेतांना लागून आहे. वय साठीच्या पुढे, लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. घरात बाकी सगळे शिक्षक आणि बँकवाले, हातोडीवाले हे एकटेच. मी चार तमिळ वाक्यं घोकून गेले होते, पण ते थेट मराठीत बोलले, तंजावरला राजांच्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांतल्या. चाल मात्र अशी की आधी तमिळच वाटावी.

"गाडी कोठें?"

"सांगलीला."

"दार तरी?"

"तेही तिथेच."

ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "दार नाहीं तर कांठ कशाला जुळवूं, अक्का? फुगा काढून देतों. कांठ अर्धा अंगूळ उभा सोडतों. तो घरीं तुम्हीं मुडपा."

मला रागच आला. एवढ्या लांब आले ती काय अर्धं काम घेऊन जायला? आणि खिळ्यापलीकडे मी कधी हातोडी चालवलेली नाही! पण दार न आणण्याची चूक माझीच होती, त्यामुळे मडगार्डवरची गोधडी सोडली.

त्यांनी वेष्टीचा पदर पत्र्यावर ठेवून त्यावरून तळहात फिरवला. कापड सरकतं म्हणून हाताला उंचवटा कळतो. मग गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल केला, भोवती लाकडी हातोडीने हलके ठोके दिले आणि ओलं फडकं दाबलं. चर्र!

"तापवल्यानेच फुगला, मग तापवून आटतो कसा?" मी विचारलं.

"लाल झाला कीं पसरूं पाहतो. भोंवतालचा थंड पत्रा पसरूं देत नाहीं, म्हणून जागींच जाड होतो. पाणी लागलें कीं आटतो. तुमच्या माणसानें सगळाच तापवला, मग धरायला कोण राहिलें?"

एक ठिपका पूर्ण गार होईपर्यंत दुसऱ्याला हात नाही. दुपारपर्यंत चौदा ठिपके झाले. मी अंगठा दाबला. टक् आलं नाही. खात्री होईना म्हणून अजून चारदा दाबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातलं एक दार सरावासाठी माझ्यापुढे टाकलं. तिसऱ्याच ठोक्याला मी त्याची कड फाडली.

"फाटला तें बरें, येथें फाटला," सेतुराव म्हणाले. "मेल्ला, मेल्ला." म्हणजे सावकाश. एका फेरीत थोडंसंच वळवायचं, घाई केली की पत्रा ताणून चिरतो. संध्याकाळी मोठ्या देवळात गेले, तर हात एवढा भरून आला होता की नमस्कार अर्ध्यातच आटोपला.

सांगलीला आल्यावर रविवारी मडगार्ड बसवून पाहिला. उभी कड दारावर चढत होती. दाराच्या रेषेने खडूची खूण केली, मडगार्ड उतरवला, हातोडी उचलली आणि तासभर तशीच ठेवून दिली. खरंच भीती वाटत होती. हे बिघडलं असतं तर दोष द्यायला ना वेल्डर होता ना सेतुराव. शेवटी सुरुवात केली. त्यांनी चार फेऱ्या सांगितल्या होत्या, मी अकरा घेतल्या. चिरला नाही. खालच्या टोकाला फट आगकाडीएवढी जास्त राहिली आहे. ती माझी, आणि ती तशीच राहणार.

मडगार्ड पुन्हा बसवून दार उघडलं. कुठेही अडलं नाही. लावलं, परत उघडलं.

वरच्या खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, "अगं, सारखं कोण येतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि आणखी एकदा उघडलं.