तीन हंड्यांत एक खारा

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण आमच्या गावाला स्वस्तात गोडं पाणी कोणी पाजलं असं विचाराल, तर मी पाजलं. यात मला लाज नाही.

आमचं गाव बोदवडच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी रग्गड, भर उन्हाळ्यात हात घातला तरी लागावं इतकं. पण खारं. त्यात तुरीची डाळ शिजायची नाही, दोन तास जाळ लावला तरी दाणा न् दाणा वेगळा. म्हणून बाया नदीच्या झिऱ्यावर जायच्या. वाळूत खड्डा करायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि दीड कोस चालत यायचं. माझ्या बायकोचं माहेर साक्रीकडचं, डोंगरातलं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्या चहाचा घोट घेऊन तिनं विचारलं होतं, यात मीठ कोणी टाकलं? आम्ही सगळे हसलो होतो. आम्हाला तो चहा चांगलाच लागत होता. पुढं वीस वर्षं ती झिऱ्यावर गेली आणि तिचे गुडघे गेले.

मग सरकारी योजनेतून खारं पाणी गोडं करायचं मशीन आलं. दीपनगरच्या वीजकेंद्रात मी दोन वर्षं नळाच्या मिस्तरीच्या हाताखाली काढलेली, म्हणून चालवायला मला ठेवलं. मोटर जोर लावून पाणी लांबलांब नळ्यांतून दाबायची. निम्मं गोडं होऊन निघायचं, निम्मं आणखी खारं होऊन नालीत जायचं. पाणी झकास. पण विजेचं बिल मोठं, नळ्या बदलायच्या तर त्याहून मोठं. दरमहा वर्गणी ठरली, आणि वर्षभरात निम्मी घरं सुटली. जी राहिली त्यांच्यावर बोजा वाढला. सरपंच म्हणाले, आखाजीच्या सणापर्यंत बघू, नाहीतर खोलीला कुलूप.

 बायकोनं खुंटीवरची चुंबळ काढली, झटकली आणि परत टांगली. डोक्यावर हंड्याखाली ठेवतात ती कापडाची चुंबळ. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी विचार केला. दीपनगरला बॉयलरला लागायचं तसलं पाणी, ज्यात काहीच नाही, ते माणसाच्या पोटाला कशाला? मशीनचं पाणी नुसतं फिक्कं लागायचं. त्यात विहिरीचं थोडं मिसळलं तर चव येईल आणि मोटर कमी चालेल. टाकीवर दोन नळ जोडले. निम्मं निम्मं मिसळलं, चाखलं. साखर. दुसऱ्या दिवशी तेच गावाला सोडलं आणि पारावर सांगून आलो की आता निम्म्या खर्चात पाणी.

संध्याकाळी आठ-दहा बाया दारात. डाळ शिजत नाही, भाऊ. मी म्हटलं, जाळ कमी पडला असेल. आतून बायकोनं पातेलं आणून माझ्यापुढं ठेवलं. डाळ खड्यांसारखी तळाशी. मी अडून बसलो, पाणी गोडंच आहे म्हणालो.

ती माहेरच्या बोलीतच म्हणाली, "तुमनी जीभच खारी शे. तिले काय इचारतस? दायले इचारा."

डाळीला विचारा म्हणे! दारातल्या बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. मी त्या रात्री जेवलो नाही. पण अंथरुणावर पडल्यावर तिचा तो पहिला चहा आठवला. जन्मापासून खारं प्यालेल्या जिभेनं मी गोड ठरवत होतो.

सकाळी अंगणात तीन चुली मांडल्या. एकाच मापाची तीन पातेली, मूठमूठ डाळ. पहिल्यात निम्मं निम्मं. दुसऱ्यात दोनास एक. तिसऱ्यात मशीनचं तीन आणि विहिरीचं एक. जाळ तिनं सांभाळला. मला हात लावू दिला नाही. पहिलं पातेलं गेलंच. दुसरं अर्धवट. तिसऱ्यातला दाणा तिनं बोटांत धरून दाबला, मेण झाला होता. मग पाणी चाखून म्हणाली, "चालस." साक्रीच्या जिभेकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

मी नळाच्या चाकावर तांबड्या रंगानं खूण केली, तिथंच थांबायचं. तीन हंड्यांच्या खर्चात चार हंडे. योजनेचे साहेब आले, खूण पाहून भडकले. बाटली भरून जळगावच्या प्रयोगशाळेत नेली. परत आले ते थंड होऊन. पाणी पिण्यालायक होतं. विचारलं, "हे प्रमाण कोणी काढलं?"

"घरी काढलं, साहेब," मी म्हटलं. त्यांना तिसरं पातेलं दाखवायला नेणार होतो, पण त्यांना जीप गाठायची होती.

वर्गणी चौथ्या हिश्शानं उतरली. तरी लोक येईनात, डाळीनं एकदा फसवलं होतं ना. आखाजीला गावच्या लेकी माहेरी आल्या, घरोघरी पुरणाची डाळ चढली. बायकोनं आमची चूल मुद्दाम ओट्यावर मांडली. जी येईल तिला डाळ दाबून बघायला लावली. पाच दिवसांत सुटलेली बहुतेक घरं वर्गणी घेऊन परत आली. सरपंचांनी आणलेलं कुलूप मी मागून घेतलं आणि गोठ्याला लावलं.

मशीन पुढं बरीच वर्षं चाललं. ती खूण मी कोणाला हलवू दिली नाही, साहेबांनाही नाही. बायकोनं चुंबळ खुंटीवरून काढली आणि स्वयंपाकघरात माठाखाली ठेवली. माठ डुगडुगायचा, म्हणाली.