सिद्धक्काचा पांढरा टॉवेल

सिद्धेश्वरी कलशेट्टी हे नाव फक्त तिच्या बाळीवेशीतल्या स्टुडिओच्या पाटीवर आहे. एरवी सगळं सोलापूर तिला सिद्धक्का म्हणतं, आणि कुणाचं न ऐकणाऱ्या वरमायासुद्धा तिच्या कॅमेऱ्यापुढं निमूट उभ्या राहतात. सव्वीस वर्षं मंगल कार्यालयांत उभं राहून तिचे गुडघे बोलायला लागलेत, पण हात अजून हलत नाही. तिच्या बॅगेत दोन कॅमेरे, तीन फ्लॅश आणि एक पांढराशुभ्र सोलापुरी टॉवेल असतो. नव्या फोटोग्राफरांना त्या टॉवेलचं हसू येतं. हसू देत बापडे! त्यांच्या अल्बममध्ये अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं, ते मात्र त्यांना दिसत नाही.

मोठ्या हॉलमध्ये उजेड पुरत नाही, फ्लॅश मारावाच लागतो. समोरून मारला की चेहरे घामानं चकाकतात. छताकडं वळवला, तर मांडववाल्यानं वर केशरी कापड ताणलेलं असतं, त्याचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. त्यात आपली माणसं कपाळभर विभूती लावून आलेली. समोरच्या फ्लॅशनं विभूतीच्या तीन रेघांचा एकच पांढरा डाग होतो. सिद्धक्का फ्लॅशचं तोंड बाजूला वळवते, तिथं कुणाला तरी टॉवेल उंच धरायला लावते आणि त्याच्यावर आपटून आलेला मऊ उजेड माणसावर घेते. सावळा माणूस सावळाच दिसतो, रेघा तीनच्या तीन दिसतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. गच्चीवर टॉवेल वाळत घालताना शेजारी उभ्या जावेचा चेहरा उजळलेला दिसला, तेवढ्यावरून तिनं ओळखलं.

यंदा वैशाखात विजापूर रोडच्या एका कार्यालयात काव्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि नवरी थेट सिद्धक्काच्या कानाशी लागली.

"अक्का, अज्जासोबत एक फोटो पायजे मला. बाकीचे ऱ्हायले तरी चालतील. पण ते कॅमेऱ्यापुढं येत न्हाईत."

काव्या आठ दिवसांत नवऱ्याबरोबर जर्मनीला निघाली होती. तिचे अज्जा, म्हणजे आजोबा, मंगळवेढ्याचे गुरुसिद्धप्पा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. पुन्हा भेट होईल की नाही, ही भीती तिनं बोलूनच दाखवली. मग अज्जांचा राग कशाचा, तेही सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिचा भाऊ मंजुनाथ याच्या लग्नात फोटोग्राफरनं अज्जांना कपाळ पुसायला सांगितलं होतं. त्या परक्या पोराचं एक वेळ सोडा, पण नवरदेवही घाईघाईत म्हणाला, "पुसा की अज्जा, एका फोटोपुरतं." म्हातारा काठी उचलून स्टेज उतरला आणि तेव्हापासून कॅमेरा दिसला की पाठ फिरवतो.

अज्जा शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसले होते. सिद्धक्का शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली, कॅमेरा मांडीवरच ठेवून.

"बेड, बेड," अज्जांनी कानडीत नको म्हणत हात हलवला. "आमचं कपाळ तुमच्या मिशिनीला सोसत न्हाय."

"मग मिशिन बदलायची अज्जा, कपाळ कशाला? तुमी पुसलं तर मीच फोटो काढायची न्हाय."

अज्जांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. तिला तेवढी पडत्या फळाची आज्ञा पुरली. तिनं लगेच काव्याला शालूसकट त्यांच्या पायाशी बसवलं. टॉवेल धरायला तिचे दोन मदतनीस मोकळे होते, तरी तिनं तो दूर घुटमळणाऱ्या मंजुनाथच्या हातात कोंबला. "धर उंच. माझा हात पोचत न्हाय." ही शुद्ध थाप होती.

पहिल्या फ्लॅशला अज्जांनी डोळे गच्च मिटले. पण उजेड डोळ्यांत घुसला नाही, तसे ते हळूच उघडले. सिद्धक्कानं तेवढ्यात दुसरा फोटो घेतला आणि कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. अज्जांनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं.

"तिन्ही दिसत्यात की," ते म्हणाले.

मंजुनाथचे हात अजून वरच होते. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं आणि टॉवेल खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. "अज्जा, चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तसं म्हनायला नको हुतं."

काव्यानं उठून भावाच्या हातातला टॉवेल काढून घेतला. अज्जांनी खिशातून विभूतीची पुडी काढली, तीन बोटं टेकवली आणि नातवाच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"बस हितं. तुझ्या लग्नातला ऱ्हायलाय."

मंजुनाथ बसला. शालू नेसलेली नवरी खुर्चीवर चढली आणि दोन्ही हातांनी टॉवेल उंच धरून उभी राहिली. तिची सासू लांबून बघतच राहिली. अज्जांनी नातवाच्या खांद्यावर हात टाकला.

"घे गं अक्का," ते म्हणाले. "सावकाश घे. आता मी कुटं जात न्हाय."