तीनशे अडतीस मॅग्नम आणि माझा डावा कान

आमचे जावई तसे शाकाहारी. केकमधलं अंडं त्यांना चालतं, कारण ते दिसत नाही. परदेशातल्या एका छोट्या बेटावर, पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये झुरळ निघालं, की ते पाय वर घेऊन सोफ्यावर बसतात आणि माझी मुलगी चप्पल शोधते. अशा माणसाने गेल्या वर्षी एल्क मारायचं ठरवलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोरला भाऊ, वजनाला म्हशीपेक्षा जरासाच कमी. पाया लेबारच्या ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाने यांना ऑक्टोबरात शिकारीला बोलावलं होतं, आणि साहेबाला नाही कसं म्हणायचं हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवत नाहीत.

रायफल तिकडचा वाटाड्या देणार होता. ती कोणत्या काडतुसाची हवी, एवढंच फॉर्ममध्ये लिहून सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्या एका ओळीसाठी जावयांनी तीन आठवडे एक्सेल भरलं. सात मिलिमीटर मॅग्नम, तीनशे मॅग्नम, तीनशे अडतीस मॅग्नम; आकडे गोळीच्या जाडीचे, शेवटची सर्वांत जाड. मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पुंगळी, त्यात जास्त दारू, म्हणून गोळीला जास्त जोर. पाचशे यार्डांवर त्यातला किती जोर उरतो, वारा गोळीला किती ढकलतो, ती किती खाली येते, या सगळ्याचे रकाने. खिशात रिकामी पुंगळी सापडली तरी ज्या बेटावर पोलीस बसवून ठेवतील, तिथे अकराव्या मजल्यावर, आमटीभाताच्या ताटाशेजारी हे चालायचं. यूट्यूबवर कुणी दाढीवाला बर्फात उभा राहून मॅग्नमचे गुण सांगे आणि जावई घास हातात धरून मान डोलवत.

मी शेजारीच बसलेला असायचो. मी म्हणजे चौतीस वर्षं पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासणारा माणूस. प्रत्येक खेपेतली थोडी काढायची, रायफलीत भरायची, उडवून बघायची, हेच काम. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं की इथलं बोलणं इथेच ठेवायचं, आणि मी ते इतकं पाळलं की बायकोलाही कधी धड सांगितलं नाही. मुलगी लोकांना सांगते, बाबा सरकारी इन्स्पेक्शनला होते. त्यावरून मी रजिस्टरं तपासत असणार असा जावयांचा समज. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त आमचा कळसा सोफ्यावर बसून ताक पीत होता.

मग तोंड का उघडलं नाही? एक तर लेकीच्या घरी बापाने पाहुण्यासारखं राहावं, जावयाला अक्कल शिकवू नये, हे आमच्या पिढीच्या हाडात बसलेलं. दुसरं म्हणजे घरात मी बहिरा म्हणून जाहीर झालो होतो. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि सोफ्यावर माझी जागा उजव्या टोकाला, भिंतीला लागून. सगळे डावीकडे बसून बोलतात, मी उत्तर देत नाही, की झालं. आठ वर्षांची नातसुद्धा माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलते.

वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. बायको गेल्यावर मुलीने आग्रहाने बोलावून घेतलं, प्रेमात कुठे कमतरता नव्हती. पण दूध संपलंय का, याच्यापलीकडे त्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. आणि आता घरात माझीच विद्या हवी होती, तर ती दाढीवाल्याकडे मागितली जात होती. जावयांनी मला एकदा विचारावं, एवढीच माझी इच्छा होती.

शनिवारी आम्ही पुलाउ उबीन या शेजारच्या बेटावर फिरायला गेलो. होडीतच जावयांनी जाहीर केलं की तीनशे अडतीस नक्की. सर्वांत मोठं घेतलेलं बरं, मागाहून कमी पडायला नको. याच न्यायाने त्यांनी चार माणसांना आठ लिटरचा कुकर घेतला होता, आणि त्यात अजूनही तळाशी वाटीभर वरणच शिजतं.

धक्क्याजवळ सायकली भाड्याने देणारा म्हातारा चिनी जावयांच्या सायकलीत हवा भरत होता. उन्हाने तापलेली ट्यूब फाटकन फुटली. मुलगी दचकली. जावयांनी डोळे घट्ट मिटले, मान आत घेतली, उजवा खांदा कानापर्यंत नेला. त्यांच्या हातातलं शहाळं खाली पडलं. मी जागचा हललो नाही.

नात हसत तिकडच्या मोडक्या इंग्रजीत आईला म्हणाली, "आजोबा नेव्हर हिअर, लाह."

मी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, जावयांचा तो खांदाही पाहिला होता. असे खांदे मी चौतीस वर्षं पाहिले. असा माणूस आवाजाच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. नेम सरकतो, आणि ते मुकं जनावर पोटात गोळी घेऊन दोन दोन दिवस रानात फिरतं. मोठ्या काडतुसाचा धक्का बसला तर रायफलीवरची दुर्बीण भुवई फोडते, ते वेगळंच. आता गप्प बसणं मला जमेना.

परतीची होडी बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. आम्ही बाकावर वाट बघत बसलो असताना मी म्हणालो, "जावईबापू, तीनशे अडतीस नको. ज्याच्या आवाजाने तुमचे डोळे मिटत नाहीत ते घ्या."

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी निरागसपणे विचारलं, "बाबा, तुम्हाला काय माहीत?"

मग मी सांगितलं. कारखाना, खेपा, चौतीस वर्षं. हेही सांगितलं, की उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला येतो आणि तोच आधी जातो. माझा म्हातारपणाने गेलेला नाही. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात बारावा माणूस आला आणि होडीच्या इंजिनाच्या धडधडीत कुणालाच काही बोलता आलं नाही. उतरल्यावर जावई सगळ्यांच्या पुढे चालू लागले. मी मनाशी म्हटलं, शाबास, लेकीच्या घरचं खाऊन जावयाला भित्रा ठरवलंस.

रविवारी सकाळी मी सोफ्यावर चहा घेत होतो. जावई लॅपटॉप घेऊन आले, नेहमीसारखे डावीकडे बसायला वाकले आणि थांबले. मग त्यांनी सोफा भिंतीपासून हातभर ओढला, माझ्यासकट, आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून माझ्या उजवीकडे त्या फटीत कशीबशी घुसवली. एक्सेलमध्ये एक नवा रकाना होता. डोळे मिटतात का? तिन्ही मॅग्नमांपुढे त्यांनी 'हो' लिहिलं होतं.

मुलगी स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते अगदी हळू बोलले.

"बाबा, मग मी काय करू?"

मला शब्द न् शब्द ऐकू आला.