फोटोकाकांचं पुसट गिऱ्हाईक

फोटोकाकांचं दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक अरुंद खोली. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा आणि पडद्यासमोर एक स्टूल. आसपासच्या वस्तीतलं निम्मं माणूस त्या स्टुलावर कधी ना कधी पासपोर्ट फोटोसाठी ताठ बसलेलं होतं. "हनुवटी जरा खाली. डोळे मिटू नका. हलू नका," एवढं म्हणून काका बटण दाबत आणि पुढचा सगळा कारभार काकूंच्या हाती जाई.

काकू कॉम्प्युटरसमोर बसून चेहरे साफ करत. पुटकुळ्या, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, भिंतीवरची सावली, त्यांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे. दुकानातून कुठलाही फोटो काकूंचा हात फिरल्याशिवाय छपाईला जायचा नाही, हा नियम होता. लोक तोंडावर म्हणत, फोटो काका काढतात, पण त्यात माणूस बरा दिसतो तो काकूंमुळे. काकांना हे शंभर टक्के मान्य होतं, फक्त ते बोलून दाखवत नसत. नवरा म्हणून थोडी अब्रू शिल्लक ठेवावी लागते.

काकांचा जीव मात्र गच्चीवर अडकलेला. तिथे त्यांची दुर्बीण होती आणि दुर्बिणीला डोळ्याच्या जागी कॅमेरा. चंद्राकडे ते ढुंकूनही बघत नसत. "चंद्र काय, कुणीही काढतं," असं तुच्छतेने म्हणत. त्यांना हव्या असत दीर्घिका, त्याही जितक्या पुसट तितक्या बऱ्या. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची अख्खी वस्ती, पण इतकी लांबची, की फोटोत ती काचेवर श्वास सोडल्यासारखी उमटते. एका फोटोत तर तीही नाही. तोच फोटो पुन्हा पुन्हा काढायचा, सगळे एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो प्रकाश चिमूटचिमूट साठत जातो. दिवसभर नाक मोठं आलं म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं झेलल्यावर काकांना हे गिऱ्हाईक फार आवडे. ते तक्रार करत नाही, घाई करत नाही, हलत नाही. हलते ती पृथ्वी, आणि तिला "हलू नका" म्हणून सांगायची सोय नाही.

दुःख एकच होतं. एवढा आटापिटा करून पकडलेली दीर्घिका कुणाला दिसतच नसे. काका फोटो पुढे धरून आशेने विचारत, "दिसली?" समोरचा म्हणे, "हो हो, दिसली की!" आणि बोट ठेवी भलत्याच टपोऱ्या ताऱ्यावर. शेजारच्या इस्त्रीवाल्याने तर फोटो उलटा धरून तोंड भरून कौतुक केलं होतं. सासरे एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "अंधार फार सुरेख आलाय." काका हसून मान डोलवत आणि आतून खट्टू होत. एका तरी माणसाला ती खरोखर दिसावी, बास, एवढंच त्यांना हवं होतं.

काकूंना ते विचारतच नसत. लग्नानंतर लगेच एकदा कॅमेरा बाजूला काढून मोठ्या हौसेने त्यांनी बायकोला दुर्बिणीला डोळा लावायला लावला होता. नव्या नवरीने बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "काहीतरी धुरकट आहे हो. काच पुसून बघा." काकांच्या मनाला ते इतकं लागलं, की त्यांनी आकाश आणि संसार तेव्हाच वेगळे केले. आकाशाचे फोटो काका आपले आपण छापून आणत, आणि काकूंनीही मग त्या वाटेला जायचं सोडलं.

अशात काका ज्यात होते त्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या आकाशमंडळाचं प्रदर्शन आलं. काकांचे फोटो आजवर जिन्याखाली, चपलांच्या शेजारी लागत आले होते. या वेळी मात्र अध्यक्षांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समोरची मोठी भिंत तुमची. एकच फोटो, पण दणदणीत हवा."

काका हवेत तरंगायला लागले. अख्ख्या मोसमात जमवलेली एक दीर्घिका त्यांनी रचून, घोटून तयार केली, दुकानातल्या कॉम्प्युटरवर छपाईसाठी ठेवली आणि एका शाळेत मुलांचे वर्गावर्गाचे फोटो काढायला निघून गेले. जाताना काकूंना म्हणाले, "तेवढा मोठा फोटो फ्रेमवाल्याकडे पाठव. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

नवऱ्याच्या इज्जतीचा प्रश्न म्हटल्यावर काकूंनी पदर खोचला.

फ्रेमवाल्याने फोटो परस्पर सभागृहात पोचवला. शाळेतली मुलं काही केल्या एका वेळी डोळे उघडे ठेवीनात, त्यामुळे काका पोचले तेव्हा फोटो भिंतीवर चढलेला, गर्दी जमलेली आणि काकू ठेवणीतली साडी नेसून शेजारी उभ्या. काकांनी वर बघितलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

तारे होते. काळाभोर अंधार होता. मधोमध, जिथे दीर्घिका असायला हवी, तिथे काहीही नव्हतं.

"छान आलाय ना?" काकू हळूच म्हणाल्या. "मध्येच मोठा डाग पडला होता, तो काढला. ताऱ्यांना मात्र हात लावला नाही हं."

एवढ्या रात्रींची कमाई, आणि ती पुटकुळीसारखी उडवलेली! संतापाने त्यांचे कान तापले. पण काकूंचा चेहरा इतका फुललेला होता, की ओरडायचं कुठून सुरू करावं ते त्यांना कळेना. शिवाय तोवर लोकांनी कौतुकाला सुरुवात केली होती. एक बाई मैत्रिणीला सांगत होत्या, "मला तर आल्या आल्या दिसली!" चष्मेवाले एक गृहस्थ म्हणाले, "काय कडा आल्यात!" अध्यक्षांनी तर हातात काठी घेतली आणि रिकाम्या अंधारात एक सुबक लंबगोल काढून दाखवला. "ही पाहा दीर्घिका. नवख्या डोळ्यांना लगेच दिसायची नाही. नजर तयार लागते."

लोकांनी नजरा तयार केल्या. सगळ्यांना दिसली.

काकू काठीच्या टोकाकडे बघत होत्या. "अहो, पण तिथे तर काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तिथला डाग मी स्वतः पुसलाय."

अध्यक्षांची काठी होती तिथेच थांबली. मग ते गोड हसून काकांकडे वळले. "वहिनींचा काहीतरी गैरसमज झालाय. नाही का हो?"

सुटायची वाट समोर उघडी होती. काकांनी नुसतं हसायचं होतं. भिंत राहिली असती, मान राहिला असता आणि बायकोला यातलं काय कळतंय म्हणून लोकही हसून मोकळे झाले असते. पण काकूंच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. आपण काय पुसलं ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

काकांनी भिंतीकडे बघितलं, मग त्या कौतुक करणाऱ्या तोंडांकडे, मग बायकोकडे. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी "दिसली" म्हटलं, त्यांतल्या एकालाही ती दिसली नव्हती. दिसली होती ती हिला. पुसायला आधी दिसावी लागते.

"गैरसमज कसला," काका म्हणाले. "तिथे काही नाहीच. दीर्घिका होती, ती हिने काढली."

अध्यक्षांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि सगळ्यांना चहाला चलण्याची घाई केली. चष्मेवाले गृहस्थ चष्मा पुसत बसले. फोटोसमोर दोघंच उरली.

"अहो, चुकलंच माझं," काकू डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "मला काय माहीत, तोच तुमचा..."

"ते राहू दे," काका उतावळेपणाने म्हणाले. "आधी सांग, कशी होती ती? तुला कशी दिसली?"

काकूंनी डोळे बारीक केले. कुणाच्या गालावरचा डाग आठवावा तशा त्या सांगू लागल्या. "लांबट होती. जरा कलती. मध्ये उजळ, डावीकडे थोडी दाट. आणि खालच्या अंगाला एक शेपटी."

"शेपटी?" काका एक पाऊल पुढे सरकले. त्या दीर्घिकेला शेपटी आहे खरी, पण ती मोठमोठ्या वेधशाळांच्या फोटोंत दिसते. आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीत ती उतरली असेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. "नक्की शेपटी? तुला भास तर नाही ना झाला?"

"भास?" काकूंनी डोळे पुसले आणि त्यांना थोडा रागच आला. "अहो, बाकीचं सगळं झटक्यात निघालं. माझा निम्मा दिवस गेला तो त्या शेपटीपायी."