मामांचं मशीन मरत कसं नाही?

गेल्या मंगळवारी सकाळी अंबाजोगाईत, राहत्या घरी, आमचं तिसरं ह्युमिडिफायर गेलं. दिवाळीनंतर आणलेलं, वय अवघं अडीच महिने. मागे एक पांढरी वायर, खोक्यातला न वापरलेला ब्रश आणि शोकाकुल मी...

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीत पाणी भरायचं, बटण दाबायचं, वरून धुकं निघतं आणि खोलीतली हवा ओलसर राहते. बस, एवढंच काम. एवढ्याशा कामात माझ्या घरी तीन-तीन मशीनं प्राण सोडतात, आणि दाद मागायची कुठे हे कोणी सांगत नाही.

चैन म्हणून नव्हतं आणलं हो. लेक जुई मेडिकलच्या परीक्षेची तयारी करतेय आणि हिवाळ्यातली कोरडी हवा सुटली की तिचा घोळणा फुटतो. मागच्या टेस्टला उत्तरपत्रिकेवरच रक्ताचे थेंब पडले. पोरगी अर्धा तास नाकाला रुमाल लावून बसली, शेवटचे तीस प्रश्न तसेच राहिले.

डॉक्टर पहिल्यापासून सांगतात, खोलीत ओलावा ठेवा. आता रविवारी मोठी टेस्ट, आणि आमच्या मशीनचा नुसता लाइट लागतोय... धुक्याचा पत्ता नाही.

दुःख एवढंच असतं तर सोसलं असतं. पण समोरच्या घरात कोंडिबा मामा राहतात, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. माझं पहिलं मशीन आणि त्यांचं मशीन एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेलं.

माझी तीन झाली. त्यांचं तेच, चौथा हिवाळा, ठणठणीत! संध्याकाळी त्यांच्या खिडकीत ते धुकं असं डौलात वर चढतं की मी आमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतो. शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर मी कधी जळलो नाही, पण या वाफेवर जळलो...

दोन वर्षांपूर्वी कॉलनीच्या ग्रुपवर मी लिहिलंही होतं, 'काही लोक मशीन पूजेला ठेवतात, वापरत नाहीत, म्हणून टिकतं.' नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण कॉलनीत ह्युमिडिफायर दोनच आहेत.

बुधवारी बायको म्हणाली, "जाऊन मामांचं मागून आणा. पोरीच्या परीक्षेपेक्षा तुमचा मान मोठा आहे का?" मेलेलं मशीन काखोटीला मारून निघालो.

मामांची टाकी धुऊन, पुसून, फडक्यावर उपडी वाळत घातलेली होती. त्यांनी माझं मशीन उघडून आत वाकून बघितलं. तळाशी धुकं उडवणारी रुपयाएवढी चकती असते, तिच्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर.

"पाणी कोणचं घालतो बे?"

"बोरचं. गोड आहे आमचं पाणी."

"आन् इन्व्हर्टरच्या बॅटरीत?"

"तिला विकतचं... बॅटरीचं."

"कावून? बोर गोड हाय ना तुझी?"

महिन्याच्या महिन्याला बॅटरीचं झाकण उघडून भक्तिभावानं विकतचं पाणी घालणारा मी, ह्याला मात्र बोरचा पाइप लावत होतो.

"अन् उरलेलं पाणी रोज काढतो का?"

इथे मात्र माझा स्वाभिमान जागा झाला. टँकरमागे घागर घेऊन पळत मोठा झालोय मी, बीड जिल्ह्यातला माणूस पाणी ओतून देईल? उरलेल्यावरच नवं ओतत गेलो. धुकं उडून जायचं, खार मागे राहायचा... चकतीवर थरावर थर.

"ओतून कावून द्यायचं? मी कढीपत्त्याला घालतो. पन टाकीत ठेवत न्हाई. जारचं फिल्टरचं पाणी घालायचं, आठवड्याला लिंबू लावायचं. अन् रात्रंदिस चालवायचं न्हाई, गाडीला बी डेपोत उभं करावं लागतंय." मग त्यांना आठवलं. "दुसरं कशानं गेलतं रे?"

"वासाला निलगिरीचं तेल घातलं होतं... टाकीला तडा गेला."

मामांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "पोरीचा पेपर कवा हाय?"

"रविवारी."

उठले, टाकी मशीनवर बसवली आणि अख्खं मशीन माझ्या हातात दिलं. वर कोपऱ्यातला भरलेला पाण्याचा जारही पुढे सरकवला. "ह्यो बी ने. तुझ्या बोरचं घालू नको माझ्या मशीनमधी."

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "आन् सुधाकर, पूजेला ठेवू नको. वापर."

कान तापले माझे. दोन वर्षं ह्या माणसानं ते मनात ठेवलं होतं, आणि काढलं ते मशीन हातात दिल्यावर!

रविवारी जुई टेस्ट देऊन आली. रुमाल घडी घालून दिला होता, तसाच घडी घातलेला परत आला. सगळे प्रश्न सोडवून आली पोरगी.

माझ्या तिसऱ्या मशीनच्या चकतीवर लिंबाचा रस घालून ठेवला आणि खोक्यातला तो ब्रश पहिल्यांदाच हातात घेतला. खोकत-खोकत का होईना, धुकं आलं. पहिली दोन काही उठली नाहीत. मामांचं धुकं अजूनही माझ्यापेक्षा दाटच आहे... खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा जळतो.

संध्याकाळी त्यांच्या टाकीतलं उरलेलं पाणी मोगऱ्याला घातलं, मशीन पुसून कोरडं करून त्यांना देऊन आलो. आज सकाळी मामा फिरायला गेले होते. मी त्यांचाच जार फिल्टर प्लँटवरून भरून आणला, खांद्यावरून उतरवून त्यांच्या पायरीवर ठेवला, आणि बेल न वाजवता परत आलो.