एका पोळीवर थांबणारे वासुदेवबुवा

वासुदेवबुवांची आणि माझी पहिली भेट सोलापुरात, एका देवळाच्या उत्सवात झाली. एक दिवस माझे कीर्तन, दुसऱ्या दिवशी त्यांचे. दोघेही चाळिशी ओलांडलेले आणि दोघेही अगडबंब. हरिदासाला गावोगाव पंगतीचा मान. नाही म्हटले तर यजमान रुसतात. देवळाच्या पायऱ्या चढताना आम्हा दोघांनाही धाप लागली. तेव्हा फुलवाली म्हणाली, "आता देवाला बसायला जागा ऱ्हाती का न्हाय?" आम्ही दोघेही हसलो. बुवांचे हसणे खरे होते.

पुढे कीर्तनात दम पुरेनासा झाला. डॉक्टरांनी दोघांनाही बजावले, की अंगावरचा भार उतरला नाही, तर उभे राहून कीर्तन करणे सोडावे लागेल. आम्हाला दुसरा उद्योग येत नव्हता.

मी एका फिरत्या विक्रेत्याकडून मेद झडवणारे चूर्ण आणले, अन्न सोडले आणि लिंबूपाण्यावर राहिलो. पंधरवड्यात धोतर सैल झाले. ते दाखवायला मी मुद्दाम बुवांच्या घरी गेलो. ते भाकरी, पालेभाजी आणि ताक असे जेवत होते.

"असे उपाशी किती दिवस राहणार?" त्यांनी विचारले.

"उतरेपर्यंत."

"आणि मग?"

मी म्हटले, "तुमचे तर तसूभरही उतरलेले दिसत नाही, बुवा!"

"नाही खरे. पण हे जेवण मला जन्मभर जेवता येईल," असे म्हणून त्यांनी ताकाचा पेला उचलला.

त्यानंतर लवकरच मोहोळला माझे कीर्तन होते. बुवा श्रोत्यांत बसले होते. आख्यान रंगात आले असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळलो. मला बाजूला निजवून बुवांनी माझ्या हातातल्या चिपळ्या घेतल्या आणि मी सोडलेल्या ओळीपासूनच आख्यान पुढे नेले. श्रोते रडले. माझ्या आख्यानाला कोणी रडल्याचे मला स्मरत नाही. माझ्या तोंडावर पाणी मारणारी बाई म्हणाली, "म्हाराज, तुमी पडला ते बरंच झालं की! लई ग्वाड कीर्तन झालं."

सोलापुरात परतल्यावर बुवांनी सर्वांना सांगितले, की मला ताप होता. हा उपकार मला आजतागायत पचलेला नाही.

चार दिवसांनी ते घरी आले आणि माझ्या पत्नीला म्हणाले, "वहिनी, आज ह्यांना पोटभर जेवू घाला. उद्या सकाळी माझ्याबरोबर फिरायला पाठवा." ती माझे कधी ऐकत नाही, त्यांचे तत्काळ ऐकले. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी तळ्याला फेरी घालू लागलो.

पंगतीत बुवा आधीच सांगत, "एकच पोळी वाढा, पण गरम वाढा." ती ते इतक्या सावकाश आणि आनंदाने खात, की शेजारी तिसरी संपवूनही मलाच कमी मिळाल्यासारखे वाटे. करकंबला यजमानांनी दुसरीचा फारच आग्रह केला, तेव्हा बुवा म्हणाले, "ही उद्याच्या न्याहारीला बांधून द्या; तुमची आठवण दोनदा होईल." यजमान खूश झाले. तेच वाक्य मी दुसऱ्या गावी म्हटले, तर यजमान रुसले! सणाला चार घास जास्त गेले, तरी बुवांनी दुसऱ्या दिवशी उपास केला नाही. "काल सण होता, आज रोजचे जेवण," एवढेच ते म्हणत.

त्यांचे अंग उतरायला दोन-तीन वर्षे लागली, पण उतरले ते परत चढले नाही. मीही हळूहळू सावरलो; माझाही दम परत आला. लोक म्हणतात, "वासुदेवबुवांनी तुम्हाला वाचवले." खरे आहे, पण ते दर भेटीत सांगायलाच हवे काय?

आज साठाव्या वर्षी, हा गौरवग्रंथ निघत असताना, बुवा उभ्याने संपूर्ण आख्यान लावतात आणि त्यांच्या आवाजात थकवा नसतो. पहिल्या रांगेत बसून मी तो शोधत असतो. परमेश्वर त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य देवो, त्यांचे पाय आणि गळा असेच चालू राहोत. तेव्हाच्या गौरवग्रंथातही पहिला लेख माझ्याकडेच मागावा, ही संपादकांना विनंती. त्यांच्याविषयी दुसऱ्या कोणी माझ्यापेक्षा चांगले लिहिले, तर ते मला सहन होणार नाही.